चांद्याला न पोहोचलेल्या आगबोटी

चंद्रपूरच्या माणसाला समुद्र पाहायचा झाला की तो मुंबईचं तिकीट काढतो, हौशी असला तर गोव्याचं. नकाशावर फूटपट्टी ठेवली तर वेगळाच हिशेब निघतो. चंद्रपूरहून मुंबई सरळ रेषेत साधारण ६८० किलोमीटर आहे, तर आंध्रच्या किनाऱ्यावरचं काकीनाडा ४५० च्या आसपास. सिरोंच्याहून तर काकीनाडा जेमतेम सव्वातीनशे, मुंबईच्या निम्म्याहूनही जवळ. आपल्या नद्यांना हे आधीपासून ठाऊक आहे. झरपट इरईला मिळते, इरई वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एक होऊन प्राणहिता बनतात. प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत शिरते, तिथून थोडं खाली बस्तरकडून इंद्रावती येते, आणि हे सगळं पाणी बंगालच्या उपसागराला मिळतं. चांदा, म्हणजे जुन्या चंद्रपूर जिल्ह्याच्या कौलांवरून ओघळलेला थेंब अरबी समुद्राचं तोंड कधी पाहत नाही.

याच वाटेने उलटं वर यायचं, म्हणजे काकीनाड्याच्या बाजूने आगबोट निघून गोदावरी, प्राणहिता, वर्धा असं करत चांद्याच्या कापसापर्यंत पोहोचायचं, असा बेत एकोणिसाव्या शतकात सरकारने खरोखर आखला होता. आखून कागदावर ठेवला नव्हता. त्यासाठी तह झाला, एक जिल्हा निर्माण झाला, नदीत बंधारा उभा राहिला, कालवे खोदायला सुरुवात झाली. ऑक्टोबर १८७१ मध्ये काम बंद करण्याचा निर्णय झाला आणि त्यानंतर आपल्याकडे या गोष्टीची आठवणही फारशी उरली नाही. गडचिरोलीचा नकाशा दक्षिणेकडे असा लांबुडका का, सिरोंचा या टोकाच्या गावाला एके काळी जिल्ह्याचं ठाणं का होतं, या प्रश्नांचं उत्तर मात्र बऱ्याच अंशी या न आलेल्या बोटींमध्ये आहे.

कल्पनेचा मूळ पुरुष आर्थर कॉटन. मद्रास इंजिनिअर्सचा हा अधिकारी (१८०३–१८९९) आंध्रात आजही घराघरात माहीत आहे. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला त्याने गोदावरीवर बंधारा बांधला, १८४७ ते १८५२ या काळात. दुष्काळाने होरपळलेला त्रिभुज प्रदेश त्या पाण्यावर भातकोठार झाला. तिथल्या गावागावांत कॉटनचे पुतळे आहेत आणि शेतकरी त्याला हार घालतात. आपल्याकडे त्याचं नाव निघालंच तर इंजिनिअरिंगच्या वर्गात निघतं. कॉटनचं म्हणणं साधं होतं. कालवा काढायचाच तर त्यातून शेतही भिजावं आणि मालही वाहून न्यावा. रेल्वेवर तो कायम चिडलेला असायचा. एवढा पैसा लोखंडात ओतण्यापेक्षा पाण्यात घाला, मालवाहतूक कितीतरी स्वस्त पडेल, हे तो इंग्लंडच्या संसदीय समितीपुढेही सांगत राहिला.

त्याचं गणित चुकीचं नव्हतं. पाण्यावर माल का स्वस्त पडतो ते एका सपाट तळाच्या बोटीवरून समजून घेता येतं. समजा, बोट वीस मीटर लांब आणि चार मीटर रुंद आहे, म्हणजे तळ ऐंशी चौरस मीटरचा. बोट एक सेंटिमीटर खाली बसली की ती ८०० लिटर पाणी बाजूला सारते. तेवढ्या पाण्याचं वजन ८०० किलो, म्हणून तेवढाच भार ती पेलते. चाळीस सेंटिमीटर बुडाली, म्हणजे गुडघ्याएवढ्या पाण्यात, तर बोट आणि माल मिळून ३२ टन तरंगतात. बैलगाडीत अर्धा-पाऊण टन मावतो, तोही कोरड्या रस्त्यावर. शिवाय सावकाश चालणाऱ्या बोटीला पाणी फार थोडा अडथळा करतं. समुद्रावरच्या गलबताचा तळ खोल आणि निमुळता असतो, कारण त्याला लाटांवर उलटायचं नसतं. नदीच्या आगबोटीला लाटांची चिंता नाही, तिला वाळूची चिंता. म्हणून ती परातीसारखी उथळ, रुंद आणि बाजूला किंवा मागे मोठं फिरतं चाक असलेली. पाण्याखालचा पंखा उथळ नदीत दगडावर आपटून मोडतो, चाकाची पाती मात्र पाण्याच्या वरच्या थरातच फिरतात. गंगेत कलकत्ता ते अलाहाबाद अशा सरकारी बोटी १८३४ पासून धावू लागल्या होत्या.

आता कापूस. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे पाऊण हिस्सा अमेरिकेतून यायचा, आणि अमेरिकेत तो मिसिसिपीच्या आगबोटींवरून न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात उतरायचा. एकाच देशावर एवढी भिस्त नको म्हणून मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी १८५७ मध्ये कॉटन सप्लाय असोसिएशन ही संस्था काढली. तिची नजर वऱ्हाडावर, हिंगणघाटवर आणि चांद्यावर होती. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं कोंडली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. मग मध्य हिंदुस्थानचा कापूस बाहेर काढायची घाई झाली. हिंगणघाट वेणा नदीवर, वेणा वर्धेला मिळते, बल्लारपूरचा किल्ला थेट वर्धेच्या काठावर. कागदावर हे सगळं मिसिसिपीसारखंच दिसत होतं.

कापूस नेण्याचं त्या वेळचं साधन म्हणजे बंजाऱ्यांचे तांडे. किनाऱ्याहून मीठ पाठीवर लादून बैल नागपूर-चांद्याकडे यायचे, परतताना इकडचा माल न्यायचे. कापूस हलका पण फुगीर. बैलाची ताकद संपण्याआधी पाठीवरची जागा संपते. वाटेत पावसाने भिजला, धुळीने माखला की भाव पडतो. व्यापाऱ्याला बोट हवीशी वाटली तर नवल नव्हतं.

अडचण राजकीयही होती. नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं तसा चांदा इंग्रजांकडे आला, पण सिरोंच्यापासून खालचा गोदावरीचा डावा काठ निजामाकडे होता. डिसेंबर १८६० च्या तहात निजामाने सिरोंचा, नुगूर, अल्बाका, चेरला, भद्राचलम आणि रेकपल्ली हे तालुके सोडून दिले. त्याच तहात एक कलम असंही घातलं गेलं की, दोन्ही राज्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या या नद्यांवरची जलवाहतूक खुली राहील आणि तिच्यावर कोणतीही जकात घेतली जाणार नाही. या तालुक्यांचा मिळून अप्पर गोदावरी हा नवा जिल्हा झाला आणि त्याचं मुख्य ठाणं सिरोंचा.

हा काठ मोकळा आणि शांत होता असं समजायचं कारण नाही. तहाच्या अडीच-पावणेतीन वर्षं आधी, २९ एप्रिल १८५८ च्या रात्री, प्राणहितेकाठी चिंचगुंडी इथे तारखात्याच्या माणसांच्या छावणीवर इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या बाबुराव शेडमाके यांच्या लोकांनी हल्ला केला आणि गार्टलँड व हॉल हे दोघे मारले गेले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला बाबुरावांना चांद्याला फाशी दिली गेली. तार आणि आगबोट ही दोन्ही एकाच राज्यकारभाराची अवजारं, आणि दोन्हींना वाट याच जंगलातून हवी होती. चांद्याचा इतिहास शिकवताना शेडमाक्यांचं बंड एका धड्यात आणि नदीचं काम (शिकवलंच तर) दुसऱ्याच कुठल्या तरी धड्यात येतं. मला ते एकाच गोष्टीचे दोन तुकडे वाटतात.

नदी मुळात कशी आहे ते पाहिलं की बाकीची कथा उलगडते. सिरोंच्याच्या जरा खाली गोदावरीवर आज मेडिगड्डा बॅरेज आहे, त्याची पूर्ण भरल्यावरची जलपातळी समुद्रसपाटीपासून १०० मीटर आहे. म्हणजे तिथपासून समुद्रापर्यंतच्या कितीतरी लांब प्रवासात नदीला उतरायचं ते जेमतेम शंभर मीटर. हा उतार सारखा वाटला गेला असता तर पाणी मंदपणे वाहिलं असतं आणि बोट सहज वर चढली असती. पण गोदावरी तशी उतरत नाही. मैलोन्‌मैल ती वाळूच्या पात्रातून जवळजवळ सपाट चालते आणि मग एकदम खडकांच्या पट्ट्यातून धडधडत खाली येते. इंजिनिअरांनी असे तीन मोठे अडथळे मोजले. पहिला भद्राचलमच्या वरच्या अंगाला दुम्मागुडेमला. दुसरा सिरोंच्याखाली इचंपल्लीजवळ. तिसरा प्राणहितेत, अहेरी तालुक्यातल्या देवलमरीला. देवलमरीचं नाव हल्ली तिथल्या चुनखडीच्या साठ्यामुळे वर्तमानपत्रांत येतं, पण १८६० च्या दशकात मद्रास, नागपूर आणि लंडनच्या कार्यालयांत ते तिसरा अडथळा म्हणून ओळखलं जात होतं.

अडथळ्याला उत्तर होतं बंधारा, कालवा आणि लॉक. खडकांच्या वर बंधारा घालून पाणी तुंबवायचं, बाजूने कालवा काढायचा आणि कालव्यात पाण्याच्या पायऱ्या करायच्या. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना भक्कम दारं असलेला दगडी हौद. बोट खालच्या दारातून आत येते, दार बंद होतं, वरच्या बाजूची झडप उघडून पाणी आत सोडतात. हौद भरतो तशी बोट वर उचलली जाते. पाण्याची पातळी वरच्या कालव्याइतकी झाली की वरचं दार उघडतं आणि बोट पुढे. उतरताना हेच उलटं. इंजिन नको, कप्पी नको, उचलण्याचं सगळं काम पाण्याचं वजनच करतं. १९१४ ला खुल्या झालेल्या पनामा कालव्यात समुद्रावरची जहाजं अशाच हौदांतून २६ मीटर वर चढवली जातात. तत्त्व तेच, फरक आकाराचा.

वरच्या गोदावरीचं काम एफ. टी. हेग या इंजिनिअरकडे होतं. त्याने नदीची पाहणी केली आणि पुढे कामावर देखरेखही केली. मुक्काम दुम्मागुडेमला. तिथे त्याने कोया आदिवासींसाठी एक ख्रिस्ती मिशनही सुरू करवून दिलं, आणि गंमत अशी की, जलमार्गापेक्षा त्या मिशनचं आयुष्य जास्त निघालं. नागपूरकडून या कामाला मोठा पाठिंबा मिळाला तो रिचर्ड टेंपलचा. मध्य प्रांत नोव्हेंबर १८६१ मध्ये बनला आणि पुढच्याच वर्षी टेंपल त्याचा चीफ कमिशनर झाला. तो धडाडीचा, फिरता आणि लिहिता अधिकारी. स्वतः नदीवरून प्रवास करून त्याने गोदावरीच्या व्यापारावर अहवाल लिहिला. त्याचा उत्साह आणि कॉटनचा आत्मविश्वास, दोन्ही एकत्र आल्यावर दुम्मागुडेमचा बंधारा आणि त्यालगतचा कालवा पुरा होत आला.

पुढे मात्र काम खडकात रुतलं. कठीण पाषाण फोडायला सुरुंग, सुरुंगाला माणसं, आणि माणसं इथे मिळत नव्हती. या जंगलातली वस्ती विरळ. गोंड-माडियांना आपलं शेत, मोह आणि शिकार सोडून रोजावर दगड फोडण्यात रस असण्याचं कारण नव्हतं. खालून, राजमहेंद्रीकडून मजूर आणायचे तर पावसाळ्यानंतर तापाची साथ सुरू झाली की ते पळून जायचे. तो ताप म्हणजे मलेरिया. त्याचा परोपजीवी लाव्हराँला अल्जीरियात दिसला १८८० मध्ये, आणि तो डासातून पसरतो हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला शोधलं ऑगस्ट १८९७ मध्ये. हेगच्या मजुरांना आणि हेगलाही एवढंच माहीत होतं की, नदीकाठची हवा वाईट आहे. काम करायचे महिने कोरडे, आणि तेही ताप उतरल्यानंतरचे. वर्षातले बाकीचे दिवस नदी स्वतःच पात्रात कोणाला पाय ठेवू देत नाही.

खडक, माणसं, ताप या सगळ्यांवर पैसा आणि वेळ ओतून मात करता आली असती. मला जो दोष मुळातला वाटतो तो वेगळा आहे, आणि तो कोणत्याही शेतकऱ्याने हेगला फुकटात सांगितला असता. प्राणहितेला बोट चालण्याइतकं पाणी असतं जून ते ऑक्टोबर. आणि कापूस वेचणीला येतो दसरा-दिवाळीनंतर. पहिला वेचा घरात येतो तेव्हा नदी उतरायला लागलेली असते. सरकी काढून, गाठी बांधून माल काठावर येईपर्यंत पात्रात वाळूचे पट्टे दिसू लागतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तर सिरोंच्याला लोक ठिकठिकाणी नदी चालत ओलांडतात. म्हणजे या हंगामाचा कापूस पुढच्या जूनपर्यंत गोदामात कुजत पडणार, व्यापाऱ्याचा पैसा अडकणार आणि बोट येईल तेव्हा पाऊसही येणार. मिसिसिपीचा खालचा भाग बारमाही खोल आहे, अर्ध्या खंडाचं बर्फ आणि पाऊस तिला मिळतो. आपली नदी चार-पाच महिने समुद्र असते आणि उरलेले महिने वाळवंट. वर धरणं बांधून उन्हाळ्यात पाणी सोडण्याचे विचार झाले होते, पण ते खर्चाचं दुसरं टोक.

पुरात बोट चालवणं तरी सोपं होतं का? भर पावसाळ्यात प्राणहितेचा प्रवाह असा असतो की, वर जाणाऱ्या बोटीची निम्मी ताकद जागच्या जागी राहण्यातच खर्ची पडते. लाकूड जाळत जावं लागतं आणि वाहून येणारे ओंडके चाकाची पाती मोडतात. ढिवर नावाडी अशा पाण्यात डोंगा घालायच्या आधी दोनदा विचार करतो. डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली होडी. ती जगातल्या सर्वांत जुन्या नौकाप्रकारांपैकी. तिला गोदी लागत नाही, लॉक लागत नाही, तळ घासला तर दोघे जण उतरून ढकलतात. भामरागडच्या पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावतीच्या संगमावर ती अजून चालते. आगबोट हरली तिथे डोंगा टिकला, यात डोंग्याचं कौतुक कमी आणि नदीशी जमवून घेण्याची समज जास्त आहे.

शेवटचा घाव रेल्वेने घातला. मुंबईची जी. आय. पी. रेल्वे फेब्रुवारी १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. वर्धा, हिंगणघाट आणि वऱ्हाडाचा कापूस मुंबईच्या बंदरात थोड्याच दिवसांत पोहोचू लागला, तोही ऐन हंगामात. अमेरिकेतली यादवी १८६५ लाच संपली होती, तिकडचा कापूस पुन्हा सुरू झाला होता आणि मँचेस्टरचा उत्साह ओसरला होता. १८७१ च्या ऑक्टोबरात वरच्या गोदावरीचं काम थांबलं. १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हा मोडला. भद्राचलम आणि रेकपल्ली मद्रास इलाख्यात गेले, सिरोंचा चांद्याला जोडला गेला. नुगूर, अल्बाका आणि चेरला १९०९ पर्यंत चांद्यातच राहिले, मग तेही मद्रासकडे गेले. आज सिरोंच्यात तेलुगू आणि मराठी एका वाक्यात मिसळतात. गाव महाराष्ट्रात आहे ते या विझलेल्या जिल्ह्याच्या वाटपामुळे. १९८२ च्या २६ ऑगस्टला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा सिरोंचा त्याचं दक्षिण टोक ठरला. चंद्रपूरहून थेट दक्षिणेला जाणारी रेल्वे, बल्लारशा (बल्लारपूर) ते काजीपेठ, पूर्ण व्हायला १९२९ उजाडलं. दिल्ली-मद्रासची ग्रँड ट्रंक एक्सप्रेस तेव्हापासून बल्लारशावरून धावते. पूर्व किनाऱ्याची वाट अशा रीतीने मिळाली खरी, पण लोखंडाची. कॉटनला ते पटलं नसतं.

बोटींचा आणि या जंगलाचा संबंध इथे संपत नाही, कारण गोदावरीतून खाली समुद्राकडे जाणारा एक माल असा होता की, त्याला बोटही लागत नव्हती. साग. ओंडके तोडून उन्हाळ्यात काठावर आणून ठेवायचे, बांबूच्या मोळ्यांबरोबर तराफे बांधायचे आणि पूर आला की सोडून द्यायचे. नदीच हमाल. गोदावरीकाठच्या डोंगरांतला साग राजमहेंद्रीच्या बाजारात उतरायचा. त्रिभुज प्रदेशाच्या टोकाला कोरिंगा नावाचं बंदर होतं. तिथे अठराव्या शतकात जहाजं बांधली आणि दुरुस्त केली जायची, गोदीही होती. १७८९ च्या आणि २५ नोव्हेंबर १८३९ च्या चक्रीवादळांनी कोरिंग्याचा कणा मोडला, आणि आता त्या भागात कांदळवनाचं अभयारण्य आहे.

जहाजाला सागच का? ओकमध्ये टॅनिन आम्ल भरपूर असतं, ते लोखंडी खिळे खाऊन टाकतं, मग फळ्या ढिल्या पडतात. सागात नैसर्गिक तेल असतं. ते लाकडाला कुजू देत नाही, किडीला सहज शिरू देत नाही आणि लोखंडालाही त्रास देत नाही. पाणी लागलं किंवा वाळलं तरी साग फारसा फुगत-आक्रसत नाही, म्हणून सांधे घट्ट राहतात. त्याच्यात सिलिका असल्यामुळे सुताराचा रंधा लवकर बोथटतो, हा त्याचा एक दोष. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागाची जहाजं बांधली. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, आणि ही परंपरा पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली. त्यांच्यापैकी ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं आणि आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या नौदल संग्रहालयात तरंगतं आहे. त्याचा साग मलबारचा, आपला नव्हे, हे सांगितलंच पाहिजे. पण आलापल्लीच्या जंगलात उंच सागाच्या बुंध्याला मिठी मारायचा प्रयत्न केला की अशा लाकडाची जहाजं शतकं कशी काढतात ते कळतं. बल्लारशाच्या लाकूड आगारातला साग अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेला, मार्च २०२३ मध्ये. आणि रेल्वेचा आणखी एक हिशेब असा की, तिने बोटीचा मार्ग तर बंद केलाच, वर रुळांखालच्या स्लीपरांसाठी जंगलंही मागून घेतली.

काम बंद पडलं तरी दगड राहिले. दुम्मागुडेमचा बंधारा अजून जागेवर आहे. त्याच्या लगेच खाली आता सीताम्मासागर नावाचं नवं बॅरेज उभारलं जातंय. धवळेश्वरमला कॉटनच्या नावाचं संग्रहालय आहे, गोदावरीच्या कामांचं. चंद्रपूरहून भद्राचलमला रामाच्या दर्शनाला जाणारी कुटुंबं दरवर्षी असतात, आणि त्यातली बरीचशी पापीकोंडलूच्या डोंगरांमधून बोटीत फिरतात. या न झालेल्या जलमार्गाचा थोडासाच तुकडा आज सहलीच्या बोटीतून दिसतो, पण तिथेही नदी हलक्यात घेऊ नये. १५ सप्टेंबर २०१९ ला कचुलूरूजवळ पुरात एक सहलीची बोट उलटून पन्नासच्या आसपास माणसं गेली. महिना सप्टेंबर, म्हणजे हेगच्या आगबोटींचा हंगाम.

विचार मात्र मेलेला नाही. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातल्या १११ जलमार्गांची यादी आहे. तीत वैनगंगा-प्राणहिता आहे, पैनगंगा-वर्धा आहे, आणि गोदावरीचा भद्राचलमपासून थेट नाशिकपर्यंतचा भागही आहे. यादीत नाव येणं म्हणजे बोट येणं नव्हे. आज खालून वर यायचं तर तीन खडकांऐवजी भिंती लागतील. धवळेश्वरम, बांधकाम चालू असलेलं पोलावरम, सीताम्मासागर, तुपाकुलगुडेम आणि मेडिगड्डा. ८५ दारांचं मेडिगड्डा जून २०१९ मध्ये सुरू झालं, त्याच्या फुगवट्याने सिरोंच्याच्या बाजूच्या शेतकऱ्यांना पाण्याखाली गेलेल्या जमिनीचा लढा द्यावा लागला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. पोलावरमच्या आराखड्यात डाव्या काठाने बोटींसाठी वाट ठेवलेली आहे. त्याच्या वरच्या प्रत्येक भिंतीत तशीच वाट लागेल. वर्षभर खोल पाणी ठेवायचं तर मुळात बॅरेज भरलेली हवीत, पण ती उभी केली ती शेताला पाणी देण्यासाठी. पिकाला पाणी द्यायचं की बोटीला, हा वाद मग मार्चमध्ये सुरू होईल, कापसाच्या गाठी काठावर येऊन पडल्या की.